शेवटच्या स्टेशनावरचा मुंबईकर

मुंबईचा संघ हरला की डहाणूची गाडी नेहमीपेक्षा हळू धावते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. २५ जानेवारी २०२५ च्या शनिवारी तर ती जवळजवळ चाललीच नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर जम्मू-काश्मीरने मुंबईला पाच गडी राखून हरवले होते आणि मी अंधेरीला डहाणू लोकलमध्ये चढलो होतो. रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर. भारताची टोपी मिळवलेले हे सहा जण ज्या संघात, तो संघ पहिल्या डावात १२० धावांत आटोपला. त्यातल्या ५१ धावा शार्दूलच्या. दुसऱ्या डावात मुंबईने २९० केल्या, त्यातल्या ११९ पुन्हा शार्दूलच्याच. बाकीच्या नामवंतांनी आपापली नावे धावफलकावर लावून घेतली, एवढेच.

शेजारी सफाळ्याला उतरणारे एक गृहस्थ बसले होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "काका, मॅच बघून आलात वाटतं?"

"आलो. हरलो."

"मुंबई हरली हो, पण आपला पोरगा खेळला ना!"

ते उतरून गेले आणि मी डहाणूपर्यंत त्या एका वाक्याशी भांडत बसलो. मुंबई वेगळी आणि आपला पोरगा वेगळा, हे कधीपासून झाले? मी राहतो मसोलीला, डहाणूत. चर्चगेटपासून १२४ किलोमीटरवर. जिल्हा पालघर, पण क्रिकेटच्या नकाशावर आम्ही मुंबईचे. आमचा मुलगा रणजी खेळला तर मुंबईकडून खेळणार. म्हणजे आम्ही मुंबईकरच, फक्त शेवटच्या स्टेशनावरचे. आणि या शेवटच्या स्टेशनावरून मुंबईच्या क्रिकेटचा कारभार कसा दिसतो, हे एकदा सांगून टाकावे म्हणून हा प्रपंच.

दोन धावांचे दुखणे

आधी माझी पात्रता सांगतो. ७ मे १९९१ रोजी मी वानखेडेवर होतो. रणजीची अंतिम लढत, समोर कपिलदेवचा हरियाणा. जिंकायला ३५५ धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकर ९६ धावांची वादळी खेळी करून गेला आणि मग उरला दिलीप वेंगसरकर. एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला एकेक करून परतणारे तळाचे फलंदाज. शेवटचा गडी अॅबी कुरुविला धावबाद झाला तेव्हा मुंबई दोन धावांनी मागे होती आणि वेंगसरकर १३९ वर नाबाद होता. त्याच्या डोळ्यांतले पाणी दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्तमानपत्रांनी छापले. माझ्या डोळ्यांतले कुणी छापले नाही. तेव्हा डहाणूला थेट लोकल नव्हती. विरारला उतरून पुढची शटल पकडायची. त्या रात्री विरारच्या फलाटावर बसून मी ठरवले होते, की आता पुरे, पुन्हा सामना बघायला यायचे नाही. पुढच्या हंगामात पुन्हा गेलो, हे सांगायला नकोच.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पराभवाचे दुःख झाले, राग आला नाही. संघाने जीव ओतला होता. १९८५ ते १९९४ अशी नऊ वर्षे करंडक मुंबईकडे आला नाही, तरी आपले घर बिघडले आहे असे वाटले नव्हते. १९९४ साली रवी शास्त्रीच्या नेतृत्वाखाली तो आला आणि १९९५ साली सचिनच्या नेतृत्वाखाली पुन्हा आला. अलीकडच्या वर्षांत मात्र दुःखाच्या आधी राग येतो. त्या रागाचा हिशोब मांडायचा आहे.

मुदत ठेवीवरचे व्याज

मुंबईच्या नावावर रणजीची ४२ विजेतेपदे आहेत. दुसऱ्या क्रमांकावरच्या कर्नाटकाकडे आठ. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात तर ओळीने पंधरा वर्षे करंडक मुंबईतून हलला नव्हता. एखाद्या घराण्यात आजोबांनी मोठी मुदत ठेव ठेवून जावे आणि नातवंडांनी व्याजावर सण साजरे करावेत, तसे हे झाले आहे. कुठलाही समारंभ असो, भाषणात पंधरा वर्षे येतात, बेचाळीस करंडक येतात, 'खडूस' हा शब्द येतो. टाळ्या पडतात. मुद्दलाची चौकशी कुणी करीत नाही.

मुद्दलाची चौकशी अशी. २०१६-१७ ते २०२४-२५ या नऊ हंगामांत करोनाचे एक वर्ष वगळता रणजी स्पर्धा आठ वेळा झाली. मुंबईने ती एकदा जिंकली. विदर्भाने तीनदा. नोव्हेंबर २०१७ मध्ये वानखेडेवर मुंबईचा पाचशेवा रणजी सामना होता. त्या सोहळ्याच्या सामन्यात मुंबई १७१ धावांत आटोपली आणि बडोद्याने ९ बाद ५७५ वर डाव घोषित केला. शेवटच्या दिवशी सिद्धेश लाड खांब रोवून उभा राहिला म्हणून सामना अनिर्णित सुटला. त्याच मोसमात उपांत्यपूर्व फेरीत कर्नाटकाने नागपुरात डावाने धूळ चारली. पुढचे दोन हंगाम बाद फेरीचे दारही दिसले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये रेल्वेने वानखेडेवर येऊन दहा गडी राखून हरवले. माझ्यासारख्या रेल्वेवर अवलंबून असलेल्या माणसाला तो घाव दुहेरी लागला.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये शिकागो कब्स नावाचा संघ आहे. १९०८ नंतर त्यांना विजेतेपद मिळाले ते थेट २०१६ साली. एकशे आठ वर्षे! आजोबांनी नातवाला वारसाहक्काने निराशा द्यावी अशी तिथली परंपरा. आमची आठ वर्षे ऐकून तिथला माणूस हसेल. पण तो कसा सुटला ते ऐकण्यासारखे आहे. २०११ साली मालकांनी थिओ एपस्टाइन या माणसाकडे कारभार सोपवला. त्याने जुने महागडे खेळाडू सोडून तरुण मुले वाढवायला घेतली. पुढची तीन वर्षे संघ सपाटून हरला. गंमत अशी, की त्याला कुणी काढले नाही. २०१६ साली करंडक आला.

आता आपल्याकडे या.

गुरुजी बदलत गेले

चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना मुंबईने २०१५-१६ चा रणजी करंडक जिंकला. पुढच्या मोसमात संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि इंदूरला गुजरातकडून हरला. एक विजेतेपद, एक उपविजेतेपद. शाळेतल्या मास्तरांचा असा निकाल लागला तर गाव त्यांना शाल-श्रीफळ देते. मुंबईने त्यांच्या जागी दुसरा प्रशिक्षक नेमला. पंडित विदर्भात गेले. वासिम जाफरही तिकडेच होता. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक जिंकला. मग पंडित मध्य प्रदेशात गेले. जून २०२२ मध्ये बंगळुरूला अंतिम सामना झाला, मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. मध्य प्रदेशाने सहा गडी राखून पहिला करंडक उचलला. मुंबईच्या मैदानात घडलेला माणूस, मुंबईचा खडूसपणा पेटीत भरून दुसऱ्या गावी घेऊन गेला आणि तिथून परत आणून आमच्याच डोक्यात घातला.

तेवढ्यात इकडे काय झाले? २०१७ ते २०२१ या चार वर्षांत समीर दिघे, विनायक सामंत, अमित पागनीस, रमेश पोवार आणि अमोल मुजुमदार असे पाच प्रशिक्षक झाले. यातला एकही माणूस कमी दर्जाचा नव्हता. साऱ्यांनी मुंबईच्या क्रिकेटचे मीठ खाल्लेले. पण भात शिजायला ठेवून दर पाच मिनिटांनी आचारी बदलला तर भाताचे काय होणार? २०२३ साली मुजुमदारांची जागा ओंकार साळवींनी घेतली. साळवींनी २०२४ चा करंडक जिंकून दिला, हे मान्य. पण मुजुमदारांचे पुढे काय झाले तेही पाहा. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच मुजुमदार होते. म्हणजे माणसे पारखण्यात आपले डोळे अधू नाहीत. नेमतो आपण योग्य माणूसच. धीर तेवढा आपल्याकडे नसतो.

खुर्चीची फलंदाजी

प्रशिक्षक का बदलतात, याचे उत्तर मैदानात नाही, खुर्चीत आहे. मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदासाठी २००१ साली अजित वाडेकर उभे होते. वेस्ट इंडिज आणि इंग्लंडला त्यांच्या घरी जाऊन हरवणारा कर्णधार. निवडून आले शरद पवार. २०११ साली दिलीप वेंगसरकर उभे राहिले. निवडून आले विलासराव देशमुख. २०२२ साली १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले संदीप पाटील उभे राहिले. निवडून आले अमोल काळे. मैदानावर ज्यांना बाद करायला जगातले गोलंदाज घाम गाळत, ते तिघेही मतपेटीवर बाद.

राजकारणी माणसांनी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. वांद्र्याची अकादमी उभी राहिली, वानखेडे नवे झाले. दगड-विटांची कामे त्यांना जमतात. पण अमक्या मुलाला अजून दोन मोसम द्या, तमक्याची नजर चांगली आहे, त्याचा उजवा पाय कुठे पडतो ते पाहा, ही कामे वेगळ्या डोळ्यांची आहेत. भरीस भर म्हणून लोढा समितीच्या शिफारशींनंतर घटना बदलण्याची कोर्टबाजी सुरू झाली आणि २०१८ साली उच्च न्यायालयाने संघटनेवर दोन निवृत्त न्यायमूर्ती प्रशासक म्हणून नेमले. पुढच्या हंगामात संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. घरात वाटणीचे खटले चालू असले की पोरांचा अभ्यास कसा होतो, ते आपण सारे जाणतो.

१२४ किलोमीटर

पण खरी तक्रार याहून साधी आहे, आणि ती शेवटच्या स्टेशनावरूनच दिसते.

मुंबईचे क्रिकेट कसे घडले? घरापासून मैदान जवळ होते. दादरचा मुलगा शिवाजी पार्कवर चालत जायचा. शाळेची हॅरिस आणि गाइल्स ढाल, १९४८ पासून भर पावसात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग, आणि मोठे झाल्यावर एखाद्या कंपनीत नोकरी. वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावस्कर निरलॉनमध्ये, वेंगसरकर टाटांकडे. म्हणजे खेळणाऱ्याच्या पोटाची सोय होती आणि झोपेचीही. मग गिरण्या गेल्या, कंपन्यांचे संघ आटले, दादर-गिरगावातली मराठी कुटुंबे जागेच्या भावाने रेल्वेच्या रुळांवरून बाहेर सरकली. मुले सरकली, मैदाने तिथेच राहिली.

आता संघ पाहा. रहाणे डोंबिवलीत वाढलेला. तुषार देशपांडे कल्याणचा. पृथ्वी शॉ विरारचा. शार्दूल पालघरचा. मार्च २०२४ मध्ये आठ वर्षांनी करंडक आला तो याच मुलांनी आणला. उपांत्य सामन्यात तामिळनाडूसमोर मुंबईचे सात गडी १०६ धावांत गेले होते, तेव्हा शार्दूलने १०९ धावा केल्या. अंतिम सामन्यात विदर्भाला १६९ धावांनी हरवले, त्यातही पहिल्या डावात त्याच्या ७५ धावा. म्हणजे मुंबईचा खडूसपणा संपलेला नाही. तो लोकलने ये-जा करतो आहे.

शार्दूल कसा वाचला तेही सांगतो. बोईसरच्या शाळेतून खेळताना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेच्या दिनेश लाड सरांनी त्याला हेरले आणि रोजचा प्रवास झेपणार नाही म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतले. रोहित शर्माचे गुरू ते हेच. आणि बडोद्याविरुद्ध ती लाज राखणारा सिद्धेश त्यांचाच मुलगा. एका मास्तरांच्या घरात एक जादा अंथरूण होते म्हणून भारताला एक कसोटीपटू मिळाला. पण जिल्ह्याचा कारभार मास्तरांच्या जादा अंथरुणावर किती दिवस चालायचा?

माझ्या भाच्याला असे अंथरूण मिळाले नाही. डावखुरा फिरकी गोलंदाज होता. मसोलीच्या मैदानात त्याचा चेंडू वळताना पाहून मोठी माणसे गप्प होत. चौदाव्या वर्षी त्याला मुंबईतल्या एका क्लबात नेले. शनिवार-रविवार पहाटेची गाडी, तीन तास जायला, तीन तास यायला. नेटमध्ये कधी वीस चेंडू मिळत, कधी दहा. बऱ्याचदा फलंदाजांना चेंडू आणून देणे हेच काम. सामना असला की बारावा. दोन वर्षांनी एका रविवारी तो उठलाच नाही. माझी बहीण म्हणाली, राहू दे. मी चिडलो होतो. पुष्कळ वर्षांनी, वापीच्या एका कारखान्यात नोकरीला लागल्यावर, तो एकदा सहज म्हणाला, "मामा, मला चेंडू टाकता येत नव्हता म्हणून नाही सोडलं. मला झोप यायची."

या वाक्यावर मला अजून उत्तर सापडलेले नाही. गुणवत्ता हेरण्याच्या किती योजना झाल्या, किती शिबिरे झाली. या मुलाला फक्त झोप हवी होती. म्हणजे घराजवळ मातीची एक खेळपट्टी, आठवड्यातून दोन दिवस येणारा एक जाणता प्रशिक्षक, आणि निवड चाचणीसाठी मध्यरात्री उठावे लागणार नाही एवढे अंतर. १६ एप्रिल २०१३ रोजी रेल्वेने डहाणूपर्यंत लोकल आणली. मुंबई आमच्या दारात आली. मुंबईचे क्रिकेट मात्र अजून आम्हालाच दारात बोलावते.

पुढे काय?

पुढचे चित्र आनंदाचे नाही. २०२४-२५ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले आणि पुढे करंडकही नेला. एप्रिल २०२५ मध्ये जयस्वालने गोव्याकडे जाण्याची परवानगी मागितली. महिनाभरात त्याने विचार बदलला, हे नशीब. पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे गेला. पूर्वी मुंबईकडून खेळायला मिळावे म्हणून माणसे दुसरी राज्ये नाकारीत. आता मुंबईची टोपी घालूनही बाहेरचे दार दिसते. यात मुलांची चूक किती आणि वडीलधाऱ्यांची किती, याची चर्चा बंद खोलीत तरी व्हावी.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रशिक्षक नेमला की तीन हंगाम त्याला हात लावू नका, हरला तरी. निवड समितीच्या माणसांना वर्षातून काही शनिवार विरारच्या पुढे पाठवा. पालघर जिल्ह्यात मातीच्या चांगल्या खेळपट्ट्या करा आणि वयोगटांच्या निवड चाचण्या तिथेच घ्या. चौदा वर्षांचा मुलगा सहा तास प्रवास करू शकतो, तर पन्नाशीचा निवडकर्ता एकदा का करू शकत नाही? डबा तोच आहे. परतीला खिडकीही मिळेल. डहाणूला गाडी सुटते, त्यामुळे जागेची अडचण नसते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी मुंबईचे कर्णधारपद शार्दूलकडे आले, तेव्हा मला सफाळ्याच्या त्या गृहस्थांची आठवण झाली. आपला पोरगा आता मुंबईचा कर्णधार. ते कुठे भेटले तर विचारणार आहे, आता हरलो तर कोण हरले म्हणायचे?

गेल्या रविवारी संध्याकाळी मैदानावरून येत होतो. मुले टेनिस चेंडूवर खेळत होती. एक किडकिडीत मुलगा डाव्या हाताने चेंडू टाकत होता. दोन पावले, उंच हात, आणि पडल्यावर चेंडू बाहेर निघत होता. मी कुंपणापाशी थांबलो. भाचाही सुट्टीवर आला होता, तो शेजारी येऊन उभा राहिला. दोन षटके आम्ही काही बोललो नाही.

मग तो म्हणाला, "मामा, याला मुंबईला नेऊ नका हं इतक्यात."

मी काही बोललो नाही. पण पहाटेच्या गाडीची वेळ मला तोंडपाठ आहे, आणि ती माझ्या मनात येऊन गेली, हे त्याने ओळखले असावे.